मदत हवी आहे: उन्हाळी मक्याच्या कणसात दाणेच भरत नाहीत

यवतमाळ जिल्हा, काळी भारी जमीन, ठिबक आहे. फेब्रुवारीअखेर पेरलेला मका एप्रिलअखेर तुऱ्यावर आला, तेव्हा पारा ४२-४३ अंशांवर. झाडं हिरवीगार, पण कणसं बोळकी. अळी नाही, पाण्याचा ताण नाही. बोरॉन फवारून पाहिलं, फरक शून्य.

३५ अंशांच्या वर गेलं की परागकण निकामी व्हायला लागतात, त्यात हवा कोरडी असली तर कणसाचे केसही लवकर सुकतात, एवढं समजलं. वाण बदला हा सल्ला दुकानदार देतोच, तो नको. बियाणं घेऊन ठेवलंय. लाइन रात्रीची, त्यामुळे पाणी रात्रीच.

जानेवारीच्या सुरुवातीला पेरावं तर थंडीत उगवण रखडते. मग आपल्याकडे नेमक्या कोणत्या आठवड्यात पेरलं, तर तुरा उन्हाच्या तडाख्याआधी निघेल?