बाप्तिस्मा तान्हेपणीच झालाय, मग आता रोजच्या जगण्यात त्याचं काय?

नगरची_लेक
सर्वांना सलाम. माझा बाप्तिस्मा मी तान्ही असताना झाला, चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये. आठवत काहीच नाही, दाखला तेवढा आहे, तोही लग्नाच्या वेळी ट्रंकेतून शोधून काढला. आता सासरचे ज्या चर्चला जातात तिथे म्हणतात हा धरायचाच नाही, पाण्यात बुडून पुन्हा घे. मला वाद नकोय पण त्यावरून डोक्यात आलं की झालेल्या बाप्तिस्म्यानं तरी माझ्या सोमवार ते शनिवारात काय फरक पडला? ऑफिसात चिडचिड तीच, जावेशी अबोला तोच. कुणी नीट सांगेल का?

संडेस्कूलवाला
ताई, पुन्हा घ्यायचं आधी बोलू. 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या (म्हणजे चर्च-संघटना) मिळून आपलं सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झालं ना, त्यात मोठेपणीच बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्टही होते आणि बाळांना देणारेही. तेव्हा दोन्ही पद्धती मान्य केल्या. त्यामुळे तुमचा बाप्तिस्मा कच्चा वगैरे काही नाही, निर्धास्त राहा.
आता सोमवारचं. प्रोटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन लूथरनं 1529 च्या धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरीत सरळ लिहिलंय की पाण्याचा अर्थ हा, की आपल्यातला जुना माणूस, म्हणजे पापी स्वभाव, रोजच्या पश्चात्तापानं बुडवायचा आणि रोज नवा उठवायचा. रोज! म्हणजे विधी एकदाच पण काम जन्मभर. आणि हा जुना माणूस पोहण्यात लई पटाईत, ऑफिसात पोचेपर्यंत परत वर येतो 😄

वसईकर
आमच्याकडे कॅथलिक चर्चच्या दारात पवित्र पाणी असतं, बोट बुडवून क्रूसाची खूण करायची नि आत जायचं. ती बाप्तिस्म्याचीच आठवण, पण खरं सांगू, निम्मे लोक मोबाईल सायलेंट करता करता उरकतात, मीपण त्यातलाच. ईस्टरच्या आदल्या रात्री मात्र अंगावर येतं. हातात पेटती मेणबत्ती, आणि फादर विचारतात सैतानाचा त्याग करता का, त्याच्या कामांचा त्याग करता का, आणि सगळं चर्च मोठ्यानं हो म्हणतं. लहानपणी आपल्या वतीनं आईबाप आणि गॉडफादर गॉडमदर बोलले होते, इथे आपल्या तोंडानं बोलावं लागतं. शेजारी तोच माणूस उभा असतो ज्याच्याशी बांधावरून केस चालू आहे, तोपण हो म्हणतो. मग कळतं हा प्रश्न कशासाठी असतो ते.

नवा_जन्म
बुडून घेणाऱ्यांना हट्टी समजू नका हो. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं आणि उठणं असं आहे, ते पाण्याखाली गेल्यावर अंगाला कळतं, शिवाय आपण स्वतः ठरवून गेलेलो असतो. घरच्यांनी ठरवलेल्या गोष्टीची जबाबदारी माणूस घेत नाही असं माझं स्पष्ट मत.

संडेस्कूलवाला
@नवा_जन्म पंडिता रमाबाईंचं बघा. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, चांगल्या मोठ्या, शास्त्र कोळून प्यालेल्या, आणि सोबत लहानग्या मुलीचा, मनोरमेचाही झाला. तरी पुढे त्यांनीच लिहिलं की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नंतर काही वर्षांनी सापडला. वयानं सगळं सुटत असतं तर त्यांना ती वर्षं लागली नसती.

नवा_जन्म
हे मान्य. पण सापडेपर्यंत त्या शोधत होत्या, आपल्यातले बरेचजण दाखला ट्रंकेत ठेवून मोकळे होतात (ताई, तुम्हाला नाही म्हणत).

फुलांची_परडी
कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये देवाचा दरबार नावाचा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती हे इथे कुणीच आठवत नाही. स्वतः 1895 ला बाप्तिस्मा घेऊन त्यासाठी घरदार पणाला लावलेला माणूस होता तो, विधी स्वस्त समजत नव्हता, पण माणसं मोजायला वापरतही नव्हता.
आणि ताई, तुमचं उत्तर तुम्हीच लिहिलंय की, जाऊबाई. मत्तय पाचमध्ये वेदीपाशी आठवलं की कुणाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट कर असं आहे. पुन्हा बुडण्यापेक्षा हे अवघड आहे.

नगरची_लेक
सासूबाईंना सीएनआयचं सांगते, पटेल न पटेल. जावेचं मात्र... ती फोन उचलत नाही माझा. चूक तिची होती हे पण लिहून ठेवते 😅

फुलांची_परडी
चूक कुणाची ते नंतर बघा. फोन नाही ना उचलत, मग घरी जा, आणि नवऱ्याला सोबत नेऊ नका, तो मध्येच बोलतो.