फिरायला नेताना ओढणारी कुत्री: हार्नेस, हेड कॉलर आणि तुमचे अनुभव

चाफा (धागाकर्ती)
आमची मिश्री लॅब आहे, वजन ३१ किलो. फाटकाबाहेर पाऊल पडलं की ती पुढे आणि मी तिच्यामागे फरफटत. गळ्यातल्या पट्ट्यावर ओढून ओढून खोकायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी फिरायला नेताना दोरी पट्ट्याला लावू नका म्हणून सांगितलं. मानेवर ताण आला की श्वासनलिका दाबली जाते, शिवाय डोळ्यांतला दाबही वाढतो. २००६ साली पट्टा आणि हार्नेस (गळ्याऐवजी छाती-पाठीभोवती बसणारे पट्टे) यांची तुलना करणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ओढताना पट्ट्यामुळे हा दाब वाढलेला दिसला, हार्नेसमुळे नाही.

सध्या छातीवर कडी असलेला हार्नेस वापरतोय. पाठीवरच्या कडीला दोरी लावली की कुत्र्याला अख्ख्या छातीचा जोर लावता येतो. बर्फात स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांना दोर मागून जोडतात तो त्यासाठीच. कडी छातीवर असली की ओढल्यावर त्याचं अंग आपल्याकडे वळतं आणि जोर मोडतो. मिश्रीला याचा चांगला उपयोग झाला, पण हार्नेस जरा सैल असला की एका बाजूला सरकतो आणि काखेत घासतो.

दुकानात विचारलं तर "लॅब ना? मग लार्ज घ्या," एवढंच उत्तर मिळतं. म्हणून हा धागा. नुसती ब्रँडची नावं नकोत. तुमच्या कुत्र्याची अंगकाठी कशी आहे, ते कशापायी ओढतं, हार्नेस कुठे काचला, हे लिहा.

तळजाईकर
आमचा गावठी आहे, अंगाने सडपातळ. छाती खोल, कंबर बारीक, डोकं मानेपेक्षा फारसं रुंद नाही. अशा कुत्र्यांच्या बाबतीत ओढण्यापेक्षा निसटण्याचं भय जास्त. दिवाळीच्या आधी टेकडीच्या वाटेवर कुठेतरी लवंगी वाजली. तो पुढे पळाला नाही, मागे सरकला. मान खाली, पुढचे पाय ताठ, कोपरं बाहेर, आणि बघता बघता हार्नेस डोक्यावरून निघून माझ्या हातात. नशिबाने एका हातगाडीखाली जाऊन बसला.

तेव्हापासून तीन पट्ट्यांचा हार्नेस वापरतो. तिसरा पट्टा बरगड्या संपतात तिथे, कंबरेच्या बारीक भागावर येतो. त्यामुळे मागे सरकून सुटता येत नाही. शिवाय दोरीपासून गळ्यातल्या मार्टिंगेल पट्ट्याला एक छोटी जोडदोरी. मार्टिंगेल ओढल्यावर ठरावीक मापापर्यंतच आवळतो, म्हणून गळा दाबला जात नाही आणि डोकंही बाहेर येत नाही. गावठी कुत्रं घरी आणणाऱ्या प्रत्येकाला मी हेच कळकळीने सांगतो: आधी निसटणार नाही याची खात्री करा, ओढण्याचं नंतर बघू.

मांडवीकाठ
पणजीहून. आमच्याकडे पग आहे. हेड कॉलरचा, म्हणजे नाकावरून आणि कानांमागून जाणाऱ्या पट्ट्याचा, प्रश्नच येत नाही, तो टेकायला मुळात नाक हवं ना! पगने गळ्यातल्या पट्ट्यावर ओढणं तर फारच वाईट, त्यांना श्वास घ्यायला आधीच कष्ट पडतात. छातीवर इंग्रजी वायसारखा येणारा हार्नेस घेतला आहे, गळा मोकळा राहतो.

पावसाळ्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. जाड गादीचे हार्नेस आमच्या हवेत वाळतच नाहीत. ओला तसाच घातला तर काखेत लाल चट्टे येतात, केस जातात. जाळीचे दोन घेऊन ठेवलेत, एक अंगावर आणि एक पंख्याखाली.

हिमगाव
मी मिनेसोटात असते. बर्फ घट्ट झाला की फुटपाथची काच होते, आणि त्यावर मोठ्या कुत्र्याने एक हिसका दिला तरी माणूस आडवा. आमचा लॅब-हाउंड मिश्र आहे, वासामागे जाणारा. छातीवरच्या कडीलाही जुमानला नाही, म्हणून हेड कॉलरकडे वळलो. 'जेंटल लीडर' हा प्रकार इथल्याच मिनेसोटा विद्यापीठातले पशुवैद्य डॉ. आर. के. अँडरसन यांनी रूथ फॉस्टर यांच्यासोबत विकसित केला. बैलाची म्होरकी आठवा: डोकं वळलं की अंग मागोमाग वळतं.

पण दुकानातून आणून लगेच तोंडावर चढवायची ही वस्तू नाही. आधी नाकाचा फास हातात धरून त्यातून खाऊ दिला, त्याने आपणहून नाक घातलं तरच. मग क्षणभर घालून काढला. मग घरातल्या घरात, दोरीशिवाय. दोरी जोडली ती सगळ्यात शेवटी. हिसका कधीच द्यायचा नाही आणि लांब दोरी कधीच लावायची नाही. धावत सुटून दोरी संपली तर सगळा धक्का मानेला बसतो. नाकाचा पट्टा डोळ्यांत जात नाही ना, नाकावरचे केस झिजत नाहीत ना, हे रोज बघते. नीट बसलेल्या हेड कॉलरमध्ये कुत्र्याला तोंड उघडता येतं, पाणी पिता येतं. तरी रस्त्यावर लोक ती मुस्की समजून लांब होतात. त्याचं वाईट वाटतं, इतका प्रेमळ आहे तो.

शेवंती
आमच्या बीगलने हेड कॉलर स्वीकारली नाही. पायाने ओरबाडणं, गवतात नाक घासणं. डॉक्टर म्हणाले, सोडून द्या. सोडली.

हिमगाव
@शेवंती, योग्य केलंत. त्याला त्रास होत असेल तर हट्ट धरण्यात अर्थ नाही.

गंगापूररोड
जर्मन शेफर्ड, वय दीड वर्ष. माझं वय ६७, मनगट आधीच दुखरं. दोन टोकांना हुक असलेली दोरी वापरतो, एक हुक छातीवर, एक पाठीवर. भार वाटला जातो आणि वळवणंही सोपं जातं.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. छातीवरून आडवा पट्टा जाणारे हार्नेस खांद्याच्या सांध्यावरच येतात. कुणाला तरी कुत्र्याला चालवायला सांगा आणि तुम्ही बाजूने बघा. पुढचा पाय टाकताना पट्टा अडवत असेल, पावलं आखूड पडत असतील, तर तो हार्नेस कितीही महागाचा असो, बदला. वायच्या आकाराचा पट्टा छातीच्या हाडावर टेकतो, खांदे मोकळे राहतात. आणि वाढत्या वयाच्या पिल्लाचं माप पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं.

पाऊलवाट
कुत्र्यांना शिकवण्याचं काम करते. वरचं सगळं पटलं, फक्त एक भर. हार्नेसने ओढणं कमी होतं, पण सोबत चालणं आपल्यालाच शिकवावं लागतं. दोरी ताणली की थांबा, सैल झाली की चाला. तुमच्या गुडघ्यापाशी आलं की तिथेच खाऊ द्या, समोर हात लांब करून नको. आपोआप गुंडाळणारी दोरी या काळात पूर्ण बंद, कारण तिच्यावर ओढलं की दोरी आणखी मिळते, म्हणजे ओढण्याचंच बक्षीस. आणि त्याला पोटभर वास घेऊ द्या हो. फिरायला जाणं त्याच्यासाठी असतं.

तळजाईकर
@चाफा, मिश्रीचं माप कुठून घेतलं होतं?

चाफा
पुढच्या पायांच्या मागे, छाती सर्वात रुंद असते तिथून शिंप्याच्या टेपने. दुसरं, मानेच्या बुडाशी. वजन आणि जात यांवरून लार्ज येत होता, टेपवर मीडियम निघाला. घातल्यावर प्रत्येक पट्ट्याखाली दोन बोटं सपाट जायला हवीत, आणि छातीखालचा पट्टा कोपराच्या मागे दोन-तीन बोटं लांब. आता काखेत घासत नाही. कंबरेच्या तिसऱ्या पट्ट्याचं माप कसं घेता तेवढं सांगा, शेजारच्या गावठीसाठी हवंय.