शब्दचर्चा : ‘वाढणं’ आणि ‘वाढून घेणं’

प्रश्न : ‘मुलगी वाढते’ आणि ‘मुलगी भात वाढते’. क्रियापद तेच, रूप तेच. एक अकर्मक, दुसरं सकर्मक. यातून ‘वाढून घेणं’ कसं झालं आणि तुमच्याकडे ते कोण, कधी म्हणतं? आमची आई रोज म्हणते, "तुम्ही बसा, मी मागनं घेते वाढून." तिचं ते वाढून घेतलेलं ताट मी कधी पाहिलं नव्हतं. परवा पाणी प्यायला आत गेलो, तर ती ओट्याशी उभी राहून कालवणाचं पातेलंच भाकरीच्या तुकड्यानं पुसून खात होती. ताट नव्हतंच.

प्रतिसाद, सातारा : मोठं होण्याच्या अर्थाचं मूळ संस्कृत ‘वृध्’, प्राकृतात ‘वड्ढइ’. पण दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर वापरात आहे. ‘घेणं’ जोडलं की क्रिया स्वतःसाठी होते, जसं शिकून घे, लिहून घे. तेव्हा ‘वाढून घेते’ याचा सरळ अर्थ, मला वाढणारं कुणी नाही. लग्नात पंगतीला वाढतो त्याला ‘वाढपी’ हा शब्द आहे, कारण ते काम धरलं जातं. घरात दोन्ही वेळा वाढणाऱ्या बाईसाठी असं नाम मला कुठं ऐकू आलेलं नाही. आणि ‘वाढणारा ओळखीचा असला की शेवटच्या पंगतीला बसलं तरी चालतं’ असं आपण म्हणतो. शेवटच्या पंगतीला वाढणारीच बसलेली असते. तोवर भाजी संपलेली, भाताची खरवड उरलेली.

प्रतिसाद, लातूर : ‘पुढ्यात काय वाढून ठेवलंय’ हेही घ्या. नशिबासाठी आपण ताटाचीच भाषा वापरतो.

प्रतिसाद, पुणे : थोडं शब्दाबाहेर जाते, पण मुद्दा हाच आहे. २०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर घरातली १८ वर्षांवरची सगळ्यांत मोठी बाई कुटुंबप्रमुख ठरवली. मला हे फार मोलाचं वाटतं. जुन्या मराठीत ‘आमचं कुटुंब’ म्हणजे बायको. आता तीच कुटुंबाची प्रमुख. प्राधान्य कार्डावर धान्य माणशी ५ किलो. पण माणशी हिशेब दुकानाच्या काट्यापाशी थांबतो, घरात सगळं एका डब्यात ओततात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं, त्याच वयाच्या पुरुषांत २५ टक्के. पाळी आणि बाळंतपणं ही कारणं आहेतच. पण ज्या शरीराला जास्त लागतं, त्यालाच आपण शेवटी जेवायला बसवतो.

प्रतिसाद, नंदुरबार : मी अंगणवाडीत काम करते. आमच्याकडे ‘वाढ’ म्हणजे आधी पोराच्या वजनाचा तक्ता. पण २०१५ साली आदिवासी भागात अमृत आहार योजना आली, गरोदर आणि स्तनदा बायांना एक वेळचं पूर्ण जेवण, तेव्हापासून ‘वाढणं’ दुसऱ्या अर्थानंही आमचं काम झालं. घरी न्यायला दिलेला आहार घरच्या पातेल्यात जातो आणि पातेलं सगळ्यांचं असतं. इथं ती बसते, आम्ही वाढतो. भाकरी, वरण, भात, भाजी, अंडं.

एक बाई पहिल्या दिवशी नुसता भात खात राहिली. अंडं तिनं पदराच्या टोकात बांधलं होतं, थोरल्या पोरासाठी. मी म्हटलं, "बाई, त्याला इथं पाठव, त्याचं त्याला मिळेल. हे तुझं." तिनं गाठ सोडली, पण खाताना मान वर केली नाही. आठवडाभरानं मात्र "वरण घाला अजून" म्हणाली. आमच्या वहीत ‘आहार दिला’ असं लिहायची रीत आहे. मी ‘वाढला’ असं लिहिते.