मदत हवी आहे: घोडीच्या सांध्यातलं पाणी तपासायचंय, नेमक्या कुठल्या टेस्ट करू?

मी शहाद्याकडचा. सारंगखेड्याच्या यात्रेत घेतलेली काठियावाडी घोडी आहे, ५ वर्षांची, घरात सगळ्यांचा जीव तिच्यावर. १० दिवसांपासून पुढच्या उजव्या पायाने लंगडतेय, खुराच्या वरच्या सांध्याला सूज, हात लावला की गरम लागतं. ताप नाही, दादर ज्वारीचा कडबा नेहमीसारखा खाते. थंड पाण्याची धार मारतोय, फिरवणं बंद केलंय. मेलॉक्सिकॅम ४ दिवस दिलं तेव्हा बरी चालली, बंद केलं की परत तेच.

आमचे डॉक्टर म्हणाले सांध्यात स्टिरॉइड देऊन टाकू. मला भीती वाटतेय कारण आमच्या भावकीत एका घोड्याला असंच न तपासता दिलं होतं, आत इन्फेक्शन निघालं आणि घोडा हातचा गेला. म्हणून आधी पाणी काढून बघा म्हटलं, तर ते तयार झाले, पण लॅबला काय सांगायचं? नेटवर एसएए, इंटरल्यूकिन, पीजीई-२ असं काय काय वाचलं, डोकं गरगरतंय. रक्त तपासलं तर भागेल का? आणि गोळ्यांमुळे रिपोर्ट चुकेल का?

प्रतिसाद:
भाऊ, स्टिरॉइड थांबवलं हे फार चांगलं केलं. इंटरल्यूकिन (सुजेचे निरोप पोचवणारी प्रथिनं) वगैरे संशोधनवाले मोजतात, तुम्हाला पांढऱ्या पेशी, प्रोटीन, कल्चर (जंतू उगवून बघणं) आणि जमलं तर एसएए (सीरम अमायलॉइड ए, सूज-इन्फेक्शनमध्ये वाढणारं प्रथिन) एवढं बस. चांगल्या सांध्यातलं पाणी फिकट पिवळं, स्वच्छ असतं, दोन बोटांत धरलं तर तार सुटते. पेशी साधारण १,००० च्या आत (दर मायक्रोलिटरला), प्रोटीन २ ग्रॅमच्या आसपास किंवा कमी (दर डेसिलिटरला). पेशी ३०,००० च्या वर, त्यात ९० टक्के न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) आणि प्रोटीन ४ च्या पुढे असेल तर इन्फेक्शनच धरून चालतात, मग सांधा धुवायला एक दिवसही थांबू नका. एसएए नुसत्या झिजेत फार वाढत नाही, इन्फेक्शनमध्ये खूप चढतं, पण रक्तातलं दुसऱ्या कुठल्या आजारानेही वाढतं म्हणून सांध्यातलंच बघा. मेलॉक्सिकॅमने पीजीई-२ (सूज-वेदना वाढवणारं द्रव्य) खाली येतं, तो आकडा आत्ता धरू नका.

पेशींसाठी जांभळ्या झाकणाची (ईडीटीए) ट्यूब, कल्चरला वेगळी निर्जंतुक. लॅब लांब असेल तर काचेवर स्मिअर (पाण्याचा थेंब पातळ पसरून) तिथेच करून घ्या, वाटेत पेशी खराब होतात. आणि कल्चर निगेटिव्ह आलं तरी पेशी जास्त असतील तर निर्धास्त राहू नका, बऱ्याचदा जंतू उगवतच नाहीत.

घोडी तो पाय टेकवेनाशी झाली तर रिपोर्टची वाट न बघता लगेच दवाखान्यात हलवा.