पावसाळी ताप, कावीळ आणि झाडपाला: माहिती असेल ते लिहा

पाचपाखाडी
सोसायटीच्या ग्रुपवर परत डेंगीवर "पपईच्या पानांचा रस, दोन दिवसांत प्लेटलेट्स दुप्पट" फिरतंय. दर पावसाळ्यात ठाण्यात पानांसाठी होणारी धावपळ आठवली, म्हणून धागा. छोट्या चाचण्यांपैकी काहींत प्लेटलेट्स जरा लवकर वाढल्या, पण जीव वाचतो हे सिद्ध झालेलं नाही. सहाव्या-सातव्या दिवसानंतर त्या बहुतेकांच्या आपणहून चढतात, आणि रस नेमका तेव्हाच चालू असतो.

सानपाडा
ताप उतरला की घरचे निर्धास्त होतात, खरा धोका तिथून पुढचे २४ ते ४८ तास. रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा झिरपतो, रक्त दाट होतं. रिपोर्टमध्ये हिमॅटोक्रिट (रक्त किती दाट झालंय ते) आधी बघा. पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी: लगेच ॲडमिट. हा रस कडूजहर, त्यानेच उलट्या झाल्या तर डॉक्टरांनाही कळेना कशाच्या!

ऐरोली
तापाला फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन, डायक्लोफिनॅक नकोच, रक्तस्राव वाढतो.

कळवा
स्टेशनजवळ पानं मिळतात का कुठे? नणंदेला हवीत

ऐरोली
काकू, पानं राहू द्या, ओआरएस आणा. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच. ग्लासभर पाण्यात अख्खं ओतलं तर मीठ फार होतं, लहान मुलांना घातक. बऱ्या होतील त्या, काळजी घ्या.

नेरुळ
कावीळ "उतरवणारे" पण येऊ द्या. हाताला आधी आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस चोळतात, मग चुन्याच्या निवळीत धुतात. रस आणि चुना मिळून पिवळं होतं, धडधाकट माणसाचंही. ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपण जाते, नाव उतरवणाऱ्याचं. गरोदर बाईला ई झाली तर मात्र एक दिवसही घालवू नका. नुसतं बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) पुरत नाही, पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) करा.

घोडबंदर
गुळवेल??

पाचपाखाडी
२०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं छापलं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं, वेल दुसऱ्या जातीची असावी. बाजारच्या पावडरीत कुठली जात आहे ते आपण ओळखणार कसं? झाडपाल्याशी वैर नाही हो. हिवतापावरचं औषध आर्टेमिसिनिन वनस्पतीतूनच आलं. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांनी उकळण्याऐवजी कमी तापमानाला ईथरने अर्क काढला तेव्हा तो लागू पडला. २०१५ चं नोबेल त्यासाठी.

सानपाडा
फ्रिजमागचा ट्रे आणि कुंड्यांखालच्या बशा आठवड्याला घासा. नुसतं पाणी ओतून चालत नाही, एडिसची, म्हणजे डेंगीच्या डासाची, अंडी कडेला चिकटून राहतात.

कळवा
ओआरएस आणलं. ट्रे कसा काढायचा, स्क्रू आहे