दुकानातल्या कॉम्प्युटरवर सर्व्हर सॉफ्टवेअर 'सर्व्हिस' म्हणून चालवायचंय, सल्ला द्या (लातूर)

आडतवाला_लातूर

राम राम मंडळी. लातूरच्या मार्केट यार्डात आमचं आडतीचं दुकान आहे. चार कॉम्प्युटर आहेत: एक आत ऑफिसात, एक काट्यावर, दोन पट्ट्या (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाच्या पावत्या) काढायला. पट्ट्यांचं सॉफ्टवेअर भाच्याच्या मित्राने जावामध्ये करून दिलंय, डेटाबेस पोस्टग्रेस. सगळं ऑफिसातल्या मशीनवर आहे (विंडोज 10 प्रो, 8 जीबी रॅम), बाकीची तिन्ही मशीन्स ब्राउझरमधून ते उघडतात. सॉफ्टवेअर चांगलं आहे. त्रास आहे तो ते चालू ठेवायचा.

डेस्कटॉपवर एक बॅच फाइल आहे. तिच्यावर डबल क्लिक केलं की काळी खिडकी उघडते आणि ती उघडी आहे तोवरच सर्व्हर चालतो. मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीने कागद लावलाय, 'काळी खिडकी बंद करू नये'. तरी टॅली उघडताना मधे येते म्हणून मुनीमजी फुल्लीवर दाबतातच. मागच्या गुरुवारी रात्री विंडोजने अपडेट घेतलं आणि मशीन आपलं आपण रीस्टार्ट झालं. सकाळी मुनीमजी अहमदपूरला लग्नाला, पासवर्ड त्यांच्याकडे. इकडे सौदा निघालेला, दारात सोयाबीनचे ट्रॅक्टर, आणि काट्यावरचं पोरगं ओरडतंय की पान उघडत नाही. पाऊण तास पट्ट्या हाताने लिहिल्या. दोन पट्ट्यांत हमाली धरायची राहिली, ती आमच्याच अंगावर.

कुणी लॉगिन केलं नाही तरी हे आपोआप सुरू व्हायला पाहिजे. काय करावं? एका विक्रेत्याने 'सर्व्हर मशीनच घ्या' म्हणून मोठं कोटेशन दिलंय. ते खरंच लागतं का?

उदगीरचा_गडी

मालक, कामून एवढं टेन्शन घ्यूलालाव? विंडोजमधलं टास्क शेड्युलर उघडा, नवीन टास्क करा, 'कॉम्प्युटर सुरू होताना' हा ट्रिगर द्या आणि 'युजर लॉगिन असो वा नसो चालवा' वर टिचकी मारा. फुकटात काम झालं. सर्व्हर मशीनचं कोटेशन रद्दीत.

फकस्त एक सांगतो, आमी लई भोगलंय. त्याच टास्कच्या सेटिंगमधी 'तीन दिवसांपेक्षा जास्त चालला तर थांबवा' असा एक चौकोन आधीपासूनच टिक केलेला असतोय. आमच्या पतसंस्थेत मंगळवारी चालू केलेलं शुक्रवारी बंद, शनिवारी चालू केलेलं मंगळवारी बंद. दोन महिने आमी व्हायरस हुडकूलालो. एकानं तर लिंबू-मिरची बांधा म्हणलं, अन् बांधली बी. ती टिक काढा आधी.

जालना_केबलवाला

उदगीरच्या गड्याचा उपाय चालतो, पण रोजचा धंदा ज्याच्यावर आहे त्याला टास्क शेड्युलर नको. टास्क सकाळी अकराला मेला, तर त्याला लगेच उठवायची सोय तिथे सर्व्हिसइतकी सरळ नाही.

डबल क्लिक करून उघडलेला प्रोग्राम लॉगिन केलेल्या माणसाचा असतो. माणूस लॉगऑफ झाला की त्याच्याबरोबर प्रोग्रामही गेला. स्टार्टअप फोल्डरमध्ये टाकला तरी तेच, लॉगिन होईपर्यंत तो हलत नाही. सर्व्हिस मात्र विंडोज स्वतः चालवतं, लॉगिनच्या आधीपासून. व्हिस्टापासून सर्व्हिसेस 'सेशन 0' नावाच्या वेगळ्या खोलीत असतात. तिथे डेस्कटॉपच दिसत नाही, म्हणजे मुनीमजींना दाबायला फुल्लीच उरत नाही.

तुमची जार फाइल, म्हणजे जावा प्रोग्रामची फाइल, आपणहून सर्व्हिस होणार नाही, मधे एक रॅपर लागतो, म्हणजे साध्या प्रोग्रामला सर्व्हिस म्हणून चालवणारं छोटं सॉफ्टवेअर. दोन नावं घ्या: एनएसएसएम आणि विनएसडब्ल्यू. दोन्ही फुकट. एनएसएसएमला खिडकी आहे, रकाने भरले की झालं, त्याची 2.24 ही आवृत्ती 2014 ची आहे, पण अजून चालते. मी विनएसडब्ल्यू सांगेन. जेनकिन्स हे प्रोग्रामर लोकांचं सॉफ्टवेअर विंडोजवर सर्व्हिस म्हणून याच्यावरच चालतं. सगळी सेटिंग एका छोट्या एक्सएमएल फाइलमध्ये राहते, उद्या मशीन बदललं की फोल्डर उचलून नव्यावर ठेवायचं आणि सर्व्हिस पुन्हा इन्स्टॉल करायची. शिवाय काळ्या खिडकीत जे धावत होतं ते सगळं लॉग फाइलमध्ये जमा होतं.

तीन गोष्टी विसरू नका. जावाचा आणि जारचा पत्ता सी ड्राइव्हपासून पूर्ण लिहा, कारण सर्व्हिस बहुतेक वेळा सिस्टम32 फोल्डरमध्ये उभी राहून फाइली शोधते. पोस्टग्रेस आधीच सर्व्हिस म्हणून बसलेला असतो, तर तुमची सर्व्हिस त्याच्यावर 'डिपेंड' करा, नाहीतर डेटाबेस उठायच्या आधी सॉफ्टवेअर उठतं आणि तिथेच आपटतं. आणि पडली तर दहा सेकंदांनी पुन्हा सुरू कर, हेही त्याच फाइलमध्ये लिहा.

बीड_बायपास

खात्याचं कुणी बोललं नाही. सर्व्हिस कोणाच्या नावाने चालते ते बघा. काही न सांगता बसवली तर 'लोकल सिस्टम' धरते, म्हणजे मशीनवर जवळपास सगळी मोकळीक. यार्डात येणारा-जाणारा वायफायचा पासवर्ड मागतो, त्या नेटवर्कवर एवढी मोकळीक देऊ नका. तिच्यासाठी वेगळं साधं लोकल खातं काढा, फक्त तिच्या फोल्डरची परवानगी द्या. मुनीमजींचं खातं तर मुळीच वापरू नका. त्यांनी पासवर्ड बदलला की पुढच्या रीस्टार्टला एरर 1069, आणि कुणाला कळणार नाही की का.

फायरवॉलमध्ये तुमच्या पोर्टसाठी इनबाउंड नियम, म्हणजे बाहेरून आत यायची परवानगी, हाताने टाका. 'परवानगी द्यायची का' हा प्रश्न सर्व्हिसच्या वेळी पडद्यावर येईल या भरवशावर राहू नका. आणि राउटरमध्ये या मशीनचा आयपी पक्का करा. नाहीतर एक दिवस पत्ता बदलेल आणि काट्यावरचं पोरगं पुन्हा ओरडेल.

परळीकर_1

हे सगळं लाइट असली तर! बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, 'पॉवर गेल्यावर काय करायचं' अशी ओळ असते, तिथे 'पॉवर ऑन' ठेवा. लाइट आली की मशीन आपोआप उठेल. स्लीप पूर्ण बंद. आणि फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की 'शटडाउन' हे खरं शटडाउन नसतं: युजर बाहेर काढतात, पण सेशन 0 डिस्कवर जसंच्या तसं झोपवून ठेवतात. अडकलेली सर्व्हिस दुसऱ्या दिवशी अडकलेलीच उठते. 'बंद करून चालू केलं तरी फरक नाही' असं लोक म्हणतात ते बऱ्याचदा यामुळे. रीस्टार्ट मात्र खरा असतो.

यूपीएसला यूएसबीची वायर असेल तर ती मशीनला लावा, म्हणजे बॅटरी उतरल्यावर विंडोज नीट बंद होईल. आमच्याकडे ती वायर वर्षभर खोक्यातच होती.

लिनक्सवाला_नांदेड

विंडोज 10 चा मोफत सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला हे कुणी सांगत का नाही? एक जुनं मशीन घ्या, उबुंटू 24.04 हे लिनक्स टाका, 2029 पर्यंत अपडेट. सिस्टमडी हा लिनक्समधला सर्व्हिस सांभाळणारा भाग, त्यात दहा ओळींची युनिट फाइल, 'रीस्टार्ट ऑलवेज', इनेबल केलं की विषय संपला.

आडतवाला_लातूर

नांदेडकर, बरोबर आहे. पण उद्या काही अडलं तर दुकानात लिनक्स समजणारं कोण? दिवाळीनंतर विंडोज 11 वर जाण्याचं बघतो.

बाकी सगळ्यांचे आभार. आठ दिवसांनी हिशोब देतो. आधी आगाऊपणा केला, रॅपर न घेता थेट कमांडने बॅच फाइलचीच सर्व्हिस केली. सुरू करायला गेलो तर तीस सेकंद नुसतं गोल फिरलं आणि एरर 1053. मग मुकाट्याने विनएसडब्ल्यू घेतलं आणि ते पहिल्याच झटक्यात चाललं.

दुसऱ्या दिवशी वेगळीच गंमत. पट्टी निघाली, वजन बरोबर, भाव बरोबर, आणि शेतकऱ्याच्या नावाच्या जागी सात प्रश्नचिन्हं. औशाचा म्हातारा पट्टी उलटीसुलटी करून म्हणतोय, 'मालक, ह्यात मपलं नाव कुठंय?' तपासलं तर भाच्याच्या मित्राने बॅच फाइलमध्ये यूटीएफ-8 चा, म्हणजे मराठी अक्षरं नीट यावीत म्हणूनच्या एन्कोडिंगचा, एक पर्याय लिहून ठेवला होता, एक्सएमएल भरताना मी तेवढाच गाळला. आमचा जावा 11 आहे, तो न सांगितल्यास विंडोजचं एन्कोडिंग धरतो. पर्याय परत टाकला, नावं आली.

आता एकच अडलंय. रात्रीचा बॅकअप सॉफ्टवेअर स्वतः झेड ड्राइव्हवर टाकायचं, म्हणजे काट्यावरच्या मशीनवरचं शेअर्ड फोल्डर. सर्व्हिस केल्यापासून बॅकअप नाही. लॉगमध्ये 'पाथ सापडत नाही'. मी उघडलं तर झेड समोर दिसतो.

जालना_केबलवाला

तो झेड तुमच्या लॉगिनपुरता आहे, सर्व्हिसच्या खात्याला झेड नावाचं काही माहीतच नाही. ड्राइव्हच्या अक्षराऐवजी दोन उलट्या तिरप्या रेघांनी सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पत्ता द्या. आणि सर्व्हिसचं जे खातं काढलंय तेच नाव, तोच पासवर्ड काट्यावरच्या मशीनवर काढून त्याला फोल्डरची परवानगी द्या.

आडतवाला_लातूर

झालं. रात्री पावणेबाराची फाइल आली. काल मुद्दाम मेन स्विच पाडून बघितला, वर केल्यावर लॉगिनला कुणी हात न लावता काट्यावरचं पान उघडलं. कागद अजून मॉनिटरवर आहे, मुनीमजी काढू देत नाहीत.

बीड_बायपास

बॅकअपची फाइल परत चढवून बघितली का कधी? आणि काटाही त्याच छताखाली आहे ना?

आडतवाला_लातूर

नाही बघितली. रविवारी यार्ड बंद असतं, घरच्या लॅपटॉपवर चढवून बघतो. एक प्रत त्याच्यातच राहील.