मदत हवी आहे: हॉस्पिटलमध्ये ७ वर्षांच्या भाच्याची रात्रीची झोप कशी जपावी?

नमस्कार,

माझ्या भाच्याला रक्ताचा कॅन्सर (एएलएल) आहे. पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या मुलांच्या जनरल वॉर्डात त्याची इंडक्शनची (म्हणजे उपचाराच्या पहिल्या टप्प्याची) केमो चालू आहे. उपचारांबद्दल काही तक्रार नाही. डॉक्टर नीट समजावून सांगतात, सिस्टर मायेने करतात. प्रश्न रात्रीचा आहे. दिवसा वहिनी असते, रात्री मी थांबते, आणि पोराला दोन तास सलग झोप मिळत नाही हे रोज बघते.

कालचंच सांगते. दहाला बीपी-टेंपरेचर. जरा डोळा लागला तोच साडेअकराला सलाईनचा पंप वाजायला लागला. सुई कोपराच्या खोबणीत आहे, हा कुशीवर वळला की हात दुमडतो आणि सलाईन अडतं. सिस्टर दुसऱ्या टोकाला एका तान्ह्या बाळापाशी होत्या. त्या येईपर्यंत शेजारच्या कॉटवरची मुलगीही उठून बसली. बाराला अँटिबायोटिक, दोनला पुन्हा बीपी. एवढं जागं झाल्यावर स्टेरॉइडच्या औषधाने लागणारी भूक. रात्री दोनला वरणभात मागतो आणि नाही मिळाला तर हुंदके देत राहतो. सलाईनमुळे लघवीला उठणं होतंच. पाचला रक्त घ्यायला आले. राऊंडच्या वेळी मात्र गाढ झोपलेला असतो, त्यामुळे डॉक्टरांना वाटतं झोप बरी चालली आहे.

या वयाच्या मुलाला दिवसाकाठी ९ ते १२ तास झोप हवी. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये वॉर्डातल्या रात्रीच्या आवाजासाठी ३० डेसिबलची मर्यादा सुचवली होती. आपलं साधं बोलणंच ६० च्या आसपास जातं. पूर्ण शांतता मिळणार नाही हे मलाही कळतं. पण जी कामं रात्रीत चार वेळा होतात ती दोनदा होऊ शकतील का? आणि हे कोणाला, कसं विचारायचं? एका सिस्टरकडे इतकी मुलं असतात, त्यांना आम्ही त्रासदायक नातेवाईक वाटू नये. अनुभव असणाऱ्यांनी कृपया लिहा.

— सावनी_क

निवृत्त_सिस्टर:
ताई, विचारा, निःसंकोच विचारा. फक्त वेळ साधा. रात्री दोनला वैतागून बोलू नका, नाइटच्या सिस्टरने ओव्हर घेतला (आधीच्या सिस्टरकडून ड्युटी समजून घेतली) की लगेच बोला. तेव्हा तिच्या डोक्यात रात्रीची आखणी चाललेली असते. "बाराचं अँटिबायोटिक लावताना बीपीही बघून घ्याल का?" असं नेमकं काम सांगून विचारा. "त्याला झोपू द्या" म्हटलं तर तिला काय करावं हे कळत नाही.

बीपी किती वेळाने बघायचं हे डॉक्टर लिहून देतात. मूल स्थिर असेल तर रात्रीचं अंतर वाढवता येईल का, हे राऊंडला विचारा. पण टेंपरेचरवर घासाघीस करू नका. केमोत पांढऱ्या पेशी खाली गेल्या की १००.४ चा ताप ही इमर्जन्सी असते. काखेतलं टेंपरेचर मूल न उठवताही घेता येतं. रक्त चढवायचं असेल त्या रात्री तर सारखं तपासावंच लागतं, तेव्हा इलाज नाही.

सुई बदलायची वेळ येईल तेव्हा कोपर सोडून खाली मनगटाच्या बाजूला शीर मिळते का, असं विचारा. तोवर हाताखाली पुठ्ठ्याची पट्टी बांधून घ्या. पंप वाजला तर स्वतः बटण दाबून बंद करू नका, बेल द्या.

बाबा_सोलापूरकर:
माझी मुलगी यातून गेली, आज शाळेत जाते. आम्हाला सर्वात जास्त फरक पडला तो स्टेरॉइडच्या वेळेने. शेवटचा डोस रात्री नऊला जेवणासोबत द्यायचो. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी तो संध्याकाळी पाचला आणला. आपल्या मनाने वेळ बदलू नका, पण विचारा जरूर. स्टेरॉइडने झोप उडते हे त्यांना माहीत असतं, मूल रात्री किती जागं असतं हे मात्र आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. कागदावर वेळा लिहून दाखवा.

भुकेशी भांडू नका. झोपायच्या आधी ताजा, गरम मऊभात पोटभर द्या. लघवीचं भांडं कॉटपाशीच ठेवा, म्हणजे बाथरूमच्या दिव्यात जावं लागणार नाही. तशीही लघवी मोजायची असतेच. आणि केस गळायला लागले की उशीवरचे बारीक केस मानेला टोचतात. मुलगी त्यानेच उठायची, हे आम्हाला फार उशिरा उमगलं. केस बारीक करून घ्या, एसीत डोक्याला सुती टोपी घाला. दुपारची झोप मोडू नका, पण सकाळी खिडकीचा पडदा उघडा ठेवा.

सावनी_क:
दोघांचे मनापासून आभार. काल ओव्हरनंतर बोलले. सिस्टरनी दोनचं बीपी बाराच्या अँटिबायोटिकसोबतच घेतलं, आणि सहाच्या इंजेक्शनच्या वेळीच रक्त घेता येईल का ते लॅबला विचारते म्हणाल्या. कागद करून डॉक्टरांना दाखवला. स्टेरॉइडची वेळ उद्यापासून बदलणार आहेत. बारा ते जवळजवळ चार झोपला. दोनला शेजारच्या मुलीचा पंप वाजला तरी हा उठला नाही, पण ती उठली. तिच्या आईलाही हा धागा दाखवला आहे.

आता एकच: मुलांच्या मापाची, सुती, डोळ्यांवरची पट्टी पुण्यात कुठे मिळेल? मोठ्यांची सैल होते आणि ओढणी तो काढून टाकतो. वॉर्डातला मधला दिवा रात्रभर चालूच असतो, तो बंद करता येत नाही.